चौद्या मारोतीची मोजणी

“मॅडम, देवाले फीत लावता काय?”

मी गुडघे टेकून दगड मोजत होते. उंची सत्त्याहत्तर सेंटिमीटर, शेंदरासह. जमिनीलगतची रुंदी एकोणतीस. शेंदराखाली नेमका किती दगड आहे हे खरवडल्याशिवाय कळण्यासारखे नव्हते, आणि खरवडू दिले जाणार नाही हे समोर उभ्या असलेल्या तिघांच्या मुद्रांवरून स्पष्ट होते.

“फक्त माप घेते आहे,” मी म्हटले. “तेराव्या मैलाचा दगड आणि हा एकाच घडणीचे आहेत का, ते पाहायचं आहे.”

“घ्या ना जी माप. नाही कोन म्हनते? पन पायातलं काढा पहिले.”

मी बूट काढले. मापात फरक पडला नाही.

बोलणारे होते नथ्थुजी इंगळे, वय सत्तर. रेल्वेत ते चावीवाला होते, म्हणजे रोज सकाळी चार मैल रुळांवरून चालत जायचे, ढिल्या झालेल्या चाव्या हातोड्याने ठोकायच्या आणि चार मैल परत यायचे. हे त्यांनी अडतीस वर्षे केले. ते निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता आणि गाडी बंद पडूनही दोन वर्षे झाली होती, तरी हातोडा अजून त्यांच्या खांद्यावर होता.

ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली. करजगव्हाण हे कापूस, तूर आणि संत्री यांवर जगणारे तालुक्याचे गाव. तिथून निघणाऱ्या एकतीस मैलांच्या अरुंद रेल्वेला लोक नुसते ‘छोटी’ म्हणत. छोटी थांबली, पण रूळ जागेवर होते, आणि त्यांच्या कडेने पायी फिरणाऱ्यांसाठी एक वारसावाट करण्याची योजना मंजूर झाली होती. सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या मैलाला एकेक विसावा बांधायचा होता: छप्पर, पाणी, स्वयंपाकघर. ज्या गावाच्या शिवारात मैल, त्या गावच्या महिला बचत गटाकडे विसावा. सात आणि एकवीसबद्दल वाद नव्हता. चौदाव्यावर चिंचखेडा आणि बोरव्हा ही दोन गावे भांडत होती. मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे. दोन्ही गावांत माझे नातेवाईक नव्हते आणि कोणत्याही देवावर माझा विश्वास नव्हता. या दोन कारणांनी मोजणी माझ्याकडे आली.

“हा मारोती आहे, मॅडम. मैल नाही.” हे दादाराव ठोंबरे, बोरव्ह्याचे निवृत्त शिक्षक. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, बगलेत जुन्या नकाशाची नक्कल. “मैल आमच्या शिवारात आहे, नाल्याच्या पलीकडं. नकाशात दाखवलाय.”

“नकाशा कागदाचा, गुरुजी,” नथ्थुजी म्हणाले. “दगड दगडाचा. आन याचं नावच चौद्या मारोती. उगाच हाये काय?”

“देवाचं म्हणाल तर तोही अर्धा आमचाच. हनुमान जयंतीला पहिला नारळ कोणाच्या घरचा फुटतो? ठोंबऱ्यांच्या! देव चिंचखेड्याचा, मान बोरव्ह्याचा.”

“मंग नारळ तुमी फोडा आन विसावा आमाले राहू द्या,” तिसरी व्यक्ती म्हणाली. ही बेबीनंदा, नथ्थुजींची सून. चिंचखेड्याच्या अकरा बायकांच्या गटाची ती अध्यक्ष होती. माहेर मात्र बोरव्ह्याचे, आणि चौथीपर्यंत ठोंबरे गुरुजींच्याच हाताखाली शिकलेली. “भांडे घेऊन ठेवले आमी, मॅडम. दोन मोठे गंज, एक कढई. सांगून ठेवते.”

“भांड्यांमुळे अंतर बदलत नाही,” मी म्हटले.

“नाही बदलत, मले मालूम हाये. म्हनून तर जीव खालीवर होऊन रायला.”

फीत तीस मीटरची, पोलादी. एक टोक नथ्थुजींच्या हातात दिले, दुसरे गुरुजींच्या. अशा मोजणीला प्रशिक्षित मदतनीस लागतात असे पुस्तकात लिहिलेले असते. परंतु एकमेकांवर अजिबात विश्वास नसलेले दोन मदतनीस त्याहून उत्तम, हा माझा त्या दिवशीचा शोध. एकानेही फीत एक बोटभर ढिली पडू दिली नाही.

“ताणा, गुरुजी. पोट नोका ताणू, फीत ताणा.”

“तुम्ही तुमचं शून्य सांभाळा, नथ्थुजी. सरकवू नका.”

“आमच्याकडले शून्य कोनी सरकवत नाही.”

दर तीस मीटरला बेबीनंदा रुळाच्या कडेवर खडूने रेघ मारी आणि आकडा लिही. तिचा चार उलटा पडत असे. गुरुजींनी तिसऱ्या खेपेला तो थांबून दुरुस्त केला.

“पंचवीस वर्षं झाली, बेबी. अजून तोच चार!”

“शिकवनारे तेच होते ना, गुरुजी.”

आम्ही चौद्या मारोतीपासून मागे, तेराव्या मैलाकडे निघालो होतो. चिंचखेड्याकडचा भाग बरड: मुरूम, तरवड, कुठे कुठे पळस. रुळाच्या अगदी कडेपर्यंत गावाने कडब्याच्या गंज्या रचलेल्या होत्या. मग नाला आला. त्यावर लोखंडी पूल, दोन्ही बाजूंना कठडा नाही, चालायला फळी नाही, स्लीपरमधून खाली पाणी दिसते. नथ्थुजी त्यावरून ओसरीवर चालावे तसे गेले. गुरुजी फीत तोंडात धरून जवळजवळ चार पायांवर आले. त्यांनी त्याला “वाकून आकडा तपासत होतो” असे म्हटले.

नाल्यापलीकडे जमीन एकदम काळी झाली. बोरव्ह्याच्या संत्र्याच्या बागा, तुरीचे पिवळसर पट्टे, कापसाची शेवटची वेचणी. मला एक गोष्ट खटकली आणि मी ती वहीत लिहिली: या बाजूला कडब्याच्या गंज्या भरपूर होत्या, पण रुळापासून शंभर पावलांच्या आत एकही नव्हती. कारण ठाऊक नव्हते. निरीक्षण लिहायला कारण लागत नाही.

तेराव्या मैलाचा दगड बाभळीखाली नीट उभा होता. त्यावर शेंदूर नव्हता, आकडा स्वच्छ होता, रुंदी एकोणतीस. अंतर भरले दोन हजार त्रेचाळीस मीटर.

मैल म्हणजे सोळाशे नऊ. मी आकडा लिहिला आणि वही मिटली. एका बाजूचे माप चुकीचे येण्याची निदान पाच कारणे असतात आणि त्यांतली तीन मोजणाऱ्याची असतात.

बेबीनंदाने बाभळीखालीच फडके सोडले. भाकरी, वांग्याचे भरीत, तुरीच्या उकडलेल्या शेंगा. गुरुजी उठून बागेत गेले आणि सदऱ्याच्या ओच्यात संत्री घेऊन आले. पहिले संत्रे त्यांनी नथ्थुजींना सोलून दिले. त्यांचे भांडण हे असे होते.

“किती भरलं, मॅडम?” बेबीनंदाने विचारले. ती खात नव्हती.

“दुसरी बाजू मोजल्यावर सांगते.”

“म्हंजे वाईट हाये.”

“म्हणजे अपूर्ण आहे.”

दुपारी चौद्या मारोतीपासून पुढे, पंधराव्या मैलापर्यंत मोजले. अकराशे शहात्तर. मी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि बेरीज केली: तीन हजार दोनशे एकोणीस. दोन मैल म्हणजे तीन हजार दोनशे अठरा मीटर आणि सत्तर सेंटिमीटर. थंडीने आकसलेल्या फितीची दुरुस्ती धरली तर फरक जवळपास नाहीसाच होत होता. म्हणजे तेरा बरोबर होता, पंधरा बरोबर होता, आणि मधला चौदा चारशे चौतीस मीटरने चिंचखेड्याकडे सरकलेला होता.

मला हे सांगताना आनंद झाला नाही. बेरीज मात्र सुंदर होती. असे क्वचित घडते.

“स्लीपर मोजून ताडून पाहू,” मी नथ्थुजींना म्हटले. “फितीत चूक असेल तर कळेल. तेरा ते चौदा किती स्लीपर असतील?”

“दोन हजार सातशे चोवीस,” ते म्हणाले.

“आणि चौदा ते पंधरा?”

“पंधराशे अडुसष्ट.”

त्यांनी हे मान वर न करता, क्षणभरही न थांबता सांगितले. पाऊण मीटरला एक स्लीपर. मी गुणाकार केला. दोन्ही आकडे माझ्या मापांशी तंतोतंत जुळत होते. मग मला दुसरी गोष्ट उमगली, आणि ती त्यांनाही त्याच क्षणी उमगली असावी, कारण त्यांनी हातोडा खांद्यावरून काढून खाली ठेवला.

“म्हणजे मैल लहानमोठे आहेत, हे तुम्हाला ठाऊक होतं.”

“अडतीस वर्षं चाललो, मॅडम. पायाले ठाऊक होतं.”

“कधीपासून?”

नथ्थुजी वाकून रुळाची एक चावी चाचपू लागले. गुरुजी मात्र उठलेच. “मारोतीपासून चारशे चौतीस मीटर मागे! चला. नाल्यापलीकडं म्हणजे आमचं शिवार. चला, जागाच दाखवतो!”

रुळावर खडूच्या रेघा होत्याच, त्यामुळे पुन्हा मोजण्याची गरज नव्हती. चौदावी रेघ आणि पुढे चौदा मीटर. चौदाव्या मैलासाठी चौदा फिती आणि चौदा मीटर. बेबीनंदाने “मारोतीराया!” म्हणून कपाळाला हात लावला. याला योगायोग म्हणतात. मी तसे म्हटले नाही.

गुरुजींनी बागेतून कुदळ आणली. गवताच्या मुळ्या तोडल्यावर हातभर खोलीवर चुन्याचा चौकोनी ओटा लागला. त्याच्या मध्यभागी मातीने भरलेले चौकोनी भोक होते. मी माती उकरून फीत लावली. तीस सेंटिमीटर. एकोणतीसचा दगड त्यात एका सेंटिमीटरच्या सैलपणाने बसला असता.

“चोरी!” गुरुजी दोन्ही हात वर करून म्हणाले. त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलासारखा फुलला होता. “ऐंशी वर्षं चोरीचा देव पुजला चिंचखेड्यानं! लिहा, मॅडम!”

बेबीनंदा रुळावर बसली. पदराने खडूचे हात पुसत राहिली. “घ्या, मामाजी,” ती सासऱ्यांना म्हणाली. “गंज आन कढई आता बोरव्ह्याले धाडून देऊ.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर बरे झाले असते. मी लिहिले: ‘चौदाव्या मैलाची मूळ जागा: मौजे बोरव्हा.’ माझे काम झाले होते. मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते होते आणि ते बरोबर होते.

नथ्थुजी ओट्याच्या कडेला उकिडवे बसले आणि भोकात हात घालून पाहू लागले. “माह्या बानं काढला तो,” ते म्हणाले. “सोनबा मेट. गँगचा मुकादम होता. नोकरीवर लागलो तवा मले इथी आनून सांगतलं, आन कोनाले सांगू नोको म्हने. रेल्वेचा दगड हालवनं म्हंजे जेल.”

“पाहा!” गुरुजी म्हणाले. “कबूल!”

“थांबा जी, गुरुजी. अर्ध्यावर घंटी नोका वाजवू.” त्यांनी हात झटकला. “टेसन नव्हतं इथी. कागदावर एवढंच लिवलं होतं का, चौदाव्या मैलाच्या दगडापाशी गाडी एक मिनिट थांबावी. डायवर दगड पाहे आन थांबे. पावसाळ्यात नाल्याले पानी. आमच्या बाया, लेकरं, कोनी बिमार, पुलावरून कशे येतीन? तुमी आज पाहिलं ना गुरुजी कशे आले ते.”

“मी आकडा तपासत होतो.”

“हो. आन तुमच्याकडे दुसराच तरास होता. गाडी थांबली का निंगताना इंजन ठिनग्या फेके. दोन उन्हाळे लागोपाठ बोरव्ह्याच्या गंज्या जळाल्या. तुमाले गाडी थांबाले नोको होती, आमाले पायजे होती. मंग दोन्ही गावं बसले.”

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“बानं. इतवारी गाडी नसे. भर दुपारी, उन्हात, गँगच्या ट्रॉलीवर टाकून नेला दगड. चोरं रातच्याले जातेत, गुरुजी. हे दोन गावं दिवसा गेले, डफडं वाजवत.”

“आणि शेंदूर?”

“साहेब आला ना पाहाले! दगड परत जागी लावा म्हने. पाहाते तं काय, दगडाले शेंदूर, हार, आन सामोर दोन गावं हात जोडून. साहेबानं टोपी काढली, दगडाले एक चक्कर मारली आन निंगून गेला. आमची बरड, तवा जळाले काही नव्हतं. गाडी थांबत राह्यली, आन जेलच्या भेवानं दोन्ही गावं चूप राह्यले.”

गुरुजी माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्ही विज्ञानाच्या. ज्याचा फायदा, त्याचीच साक्ष. ही दंतकथा आहे.”

त्यांचे म्हणणे पद्धतीच्या दृष्टीने अचूक होते. साक्षीदाराचे हितसंबंध गुंतलेले होते आणि त्याचा स्रोत मृत होता. मी वही चाळली.

“गुरुजी, तुमच्या गावात रुळापासून शंभर पावलांच्या आत कडबा का रचत नाहीत?”

“रीत आहे. आजोबांपासून.”

“वाफेचं इंजिन जाऊन तीस वर्षं झाली. चिंचखेड्यात तर रुळाला खेटून गंज्या आहेत.”

“त्यांना रीतभात कुठली असायला?”

“आणि पहिला नारळ तुमच्या घरचा.”

“तो आमचा मान आहे.”

“चिंचखेड्याच्या शिवारात, चिंचखेड्याच्या देवाला, बोरव्ह्याच्या ठोंबऱ्यांचा नारळ पहिला. कशाबद्दल?”

चाळीस वर्षे गुरुजींनी मुलांना असे प्रश्न विचारले असतील. त्यांनी खिशातले एक पेन काढले, टोपण उघडले, पुन्हा लावले. मग ते ओट्याजवळ आले आणि नथ्थुजींच्या शेजारी उकिडवे बसले.

“नथ्थुजी. माझा आजा होता काय त्यात?”

“होता काय! ट्रॉलीले पहिला हात त्याहीचा. म्हनून तं नारळ.”

“मग इतक्या वर्षांत बोलला का नाहीत? आज मी चोर म्हटलं तरी?”

“तुमच्या आज्याले चोर कसा म्हनू, गुरुजी? तुमी माह्या बाले म्हनलं ते चाललं.”

गुरुजींच्या पोटातून एक विचित्र आवाज निघाला. तो हसण्याचा आहे हे कळायला मला वेळ लागला. ते हसले, खोकले, पुन्हा हसले आणि शेवटी तोल जाऊन गवतात बसले. नथ्थुजी आधी मिशीत आणि मग मोठ्याने हसू लागले. बेबीनंदाने तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलत होते. मी वहीत पाहत राहिले. अक्षरे हलत होती, याचे कारण मीही हसत होते हे असावे.

“लिहा, मॅडम,” गुरुजी डोळे पुसत म्हणाले. “चौदावा मैल बोरव्ह्याचा. हे आधी लिहा, ते मी सोडणार नाही.”

“लिहिलंय.”

“त्याखाली लिहा, बोरव्ह्यानं तो आपल्या हातानं चिंचखेड्याला दिला. दिलेलं आम्ही परत घेत नाही. विसावा मारोतीपाशी होऊ द्या. सरपंचाची सही मी आणतो. तो माझाच विद्यार्थी आहे, नाही म्हणायची त्याची छाती नाही.” मग बेबीनंदाकडे वळून म्हणाले, “पण विसाव्याच्या पाटीवर माझ्या आज्याचं नाव पाहिजे. आणि मला चहा फुकट.”

“एक कप,” बेबीनंदा म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. “दुसऱ्याले पैसे. आन गंज बोरव्ह्याले जात नाहीत, सांगून ठेवते.”

माझा अहवाल नऊ पानांचा झाला. मूळ जागा एका रकान्यात, सध्याची दुसऱ्यात, दोन्ही गावांचे सह्यांचे निवेदन परिशिष्टात. गंज्यांची आणि नारळाची नोंद मी ‘पूरक पुरावा’ या शीर्षकाखाली केली. त्या शीर्षकाखाली नारळ लिहिण्याची माझी ती पहिलीच वेळ. वर्षभराने विसावा मारोतीपाशी उभा राहिला. वारसावाटेवर तेरावा ते चौदावा हा मैल लांब आहे आणि त्यापुढचा आखूड. दमलेल्या पाहुण्यांना पाटी वाचून त्याचे कारण कळते. ओट्यावरचे गवत गुरुजींनी कायमचे काढून टाकले आहे.

पहिल्याच हनुमान जयंतीला मला बोलावणे आले. नारळ फुटण्याआधी कोणीतरी म्हणाले, देव जागेवर आहे का ते एकदा मॅडमना पाहू द्या. ओट्यापासून मारोतीपर्यंत फीत धरली, त्याच दोघांनी. चारशे तेहतीस मीटर एकोणनव्वद सेंटिमीटर.

“अकरा सेंटिमीटर कमी!” गुरुजी ओरडले. “नथ्थुजी, पुन्हा सरकवला!”

दोन्ही गावे बघत असताना मी पोलादाचे प्रसरण समजावून सांगितले: जानेवारीत फीत थंड होती, चैत्रातल्या उन्हात ती लांबली, म्हणून अंतर कमी भरले. लोकांनी शांतपणे ऐकून घेतले. शेवटी एका म्हाताऱ्याने निर्णय दिला की देवालाही उन्हाळ्यात थोडे हलल्यासारखे वाटत असणार. नारळ फुटला.

तेव्हापासून आधी फीत आणि मग नारळ हा तिथला क्रम झाला आहे. ही रीत कोणी पाडली असे कोणी विचारले तर माझ्याकडे बोट दाखवतात, आणि मला ते नाकारता येत नाही. मध्यंतरी मी नव्या धाग्याची फीत नेली होती. ती उन्हाने फारशी लांबत नाही. नथ्थुजींनी ती हातात घेऊन परत दिली. देवाची फीत पोलादीच पाहिजे म्हणाले.

ते आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत. यंदाही चैत्र लागताच त्यांचा फोन आला.

“मॅडम, देवाले फीत लावाची हाये. कवा येता?”

मी जाते. बूट काढते, तपमान लिहिते, दुरुस्ती करते. मग विसाव्याच्या वहीत तारीख घालून लिहिते की देव जागच्या जागी आहे, एक सेंटिमीटरच्या मर्यादेत, आणि खाली सही करते. देवाबद्दल एवढेच मला खात्रीने सांगता येते.